एका सेलची खिशातली बॅटरी: रोज कशी वापरायची आणि घरच्या घरी कशी सुधारायची

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात त्याला सेल, म्हणून इथंही मी तसंच लिहितोय. बॅटरी म्हणजे मोठी तीन सेलची नव्हे, भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो एकच डबल ए पेन्सिल सेल बसणारी, अ‍ॅल्युमिनियमची, बोटाएवढी. माझ्या पँटच्या उजव्या खिशात ही गेली आठ-नऊ वर्षं रोज असते, ऑफिसला जाताना पण आणि लग्नाला जाताना पण, आणि दिवसातून एक-दोनदा तरी बाहेर निघतेच.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच की मोबाईलला टॉर्च असताना ही कशाला. मोबाईल दातात धरता येत नाही. गच्चीवरच्या टाकीत वाकून बघताना मोबाईल हातात असला की निम्मं लक्ष तो पडू नये याच्याकडंच असतं. आणि लाईट गेल्यावर ज्या मोबाईलवरून वायरमनला फोन करायचाय त्याचंच चार्जिंग आपण उजेडासाठी घालवत बसतो. शिवाय ओल्या हातानं, शेणामातीच्या हातानं मोबाईल उघडत बसायचं का एक बटण दाबायचं.

घेताना लोक लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघतात, जास्त लुमेन तेवढी भारी बॅटरी. मी म्हणतो उलटं बघा, सगळ्यात कमी उजेड किती कमी होतो ते बघा. रात्री दोनला उठून पाणी प्यायला जाताना, शेजारी लहान मूल झोपलेलं असताना ३०० लुमेन काय करायचेत, तिथं १ लुमेन पण पुष्कळ होतो, कारण अंधाराला सरावलेले डोळे फार थोड्यात भागवतात आणि एकदा का भक्क उजेड बघितला की परत सरावायला २०-३० मिनिटं जातात. त्यात १ लुमेनवर एक सेल कित्येक दिवस सलग चालतो. म्हणून बटण दाबल्यावर आधी मंद लागणारी आणि मग वाढत जाणारी बॅटरी घ्यायची, पहिल्याच क्लिकला डोळे दिपवणारी आणि मग लुकलुकणारी घ्यायची नाही. दुसरं म्हणजे तिचा मागचा भाग सपाट पाहिजे, टेबलावर मेणबत्तीसारखी उभी राहिली पाहिजे, ते का ते पुढं सांगतो.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे तेही इथंच सांगून टाकतो. ज्या कंपन्या एफएल१ नावाच्या मापदंडानं मोजतात त्यांच्या खोक्यावर जे १०० मीटर अंतर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ १०० मीटरवर पाव लक्स उजेड पोचतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेवढ्यात झाड आहे का माणूस आहे एवढं कळेल, कोण आहे ते कळणार नाही. त्याच्या निम्म्या अंतरावर उजेड चौपट असतो, म्हणून कामाचं अंतर मी नेहमी निम्मंच धरतो. आणि चालण्याचा वेळ जो लिहितात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, म्हणजे ८ तास लिहिलंय म्हणून ८ तास तसाच लख्ख उजेड मिळेल असं धरून निघू नका. ज्यांच्या खोक्यावर असं काहीच न लिहिता नुसतं दहा हजार लुमेन आणि दोन किलोमीटर छापलेलं असतं, आणि आत एक बारकासा सेल, ते सरळ सोडून द्या.

आता सेल. इथं सगळ्यात जास्त चुका होतात. साधा अल्कलाईन सेल १.५ व्होल्टचा, कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, पण तो गळतो, आणि बॅटरीत विसरून राहिला की हमखास गळतो. रोजच्या वापराला चार्जिंगचा निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, १.२ व्होल्टचा आणि २००० एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपासचा, एनेलूप ब्रँडसारखा कमी सेल्फ डिस्चार्जवाला, म्हणजे पडून राहिला तरी हळूहळू उतरणारा, घेतला तर महिनोन्महिने ठेवला तरी बराचसा चार्ज टिकतो. १.२ व्होल्ट बघून उजेड कमी पडेल असं वाटतं, पण मोठ्या उजेडाला जेव्हा जास्त करंट खेचला जातो तेव्हा हाच सेल तग धरतो आणि अल्कलाईन मान टाकतो. गाडीच्या डिकीत किंवा फर्स्ट एडच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या बॅटरीत चार्जिंग नसलेला १.५ व्होल्टचा लिथियम सेल घालायचा, महाग आहे पण तो सहसा गळत नाही, वजनाला जेमतेम १५ ग्रॅम आणि हिमालयातल्या थंडीत पण चालतो.

चौथा प्रकार १४५०० नावाचा, दिसायला अगदी पेन्सिल सेलसारखा, १४ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब, पण तो लिथियम आयनचा, ३.७ व्होल्टचा, फुल चार्ज झाला की ४.२. पांढरा एलईडी पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणून एका पेन्सिल सेलच्या बॅटरीत व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. फक्त १.५ व्होल्टसाठी केलेल्या ड्रायव्हरवर ४.२ व्होल्ट टाकले की तो जळतो. मी जाळलाय. बसतोय की आत, म्हणून १४५०० घातला, दोन सेकंद डोळे दिपतील एवढी पेटली, बारीक करपल्याचा वास आला आणि संपलं. तेव्हा बॅटरीच्या माहितीत १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घालायचा, प्रोटेक्शन सर्किटवालाच, म्हणजे धोका झाला की स्वतःहून बंद होणारा, घ्यायचा, त्याच्या स्वतःच्या चार्जरमध्येच चार्ज करायचा आणि त्याच्यावर ठळक खूण करून ठेवायची, नाहीतर घरातलं कोणीतरी तो घड्याळात किंवा पोराच्या खेळण्यात घालणार.

वापराच्या दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या कळल्या की बॅटरी तीच असून कामं दुप्पट होतात. पहिली, फरशीवर काही बारीक पडलं असेल, चष्म्याचा स्क्रू, कानातल्याची फिरकी, फुटलेल्या काचेचा कण, तर वरून उजेड मारू नका. बॅटरी फरशीवर आडवी ठेवा, अगदी टेकवून, आणि हळूहळू फिरवा. एवढासा स्क्रू पण मग हातभर सावली टाकतो आणि काचेचा कण चांदणीसारखा चमकतो. घरात ग्लास फुटला की केरसुणी मारून झाल्यावर मी दर वेळी असा झाडा घेतो आणि दर वेळी एखादा कण सापडतोच, कपाटाखाली गेलेला.

दुसरी, लाईट गेली की बॅटरी टेबलावर उभी करायची, तोंड छताकडं. छत पांढरं असेल तर खोलीभर मऊ उजेड पडतो, जेवता येतं, पत्ते खेळता येतात आणि कोणाच्या डोळ्यात जात नाही. अजून पसरट पाहिजे असेल तर पाण्यानं भरलेली लिटरची पारदर्शक बाटली घ्या, पाण्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका, आणि बॅटरी बाटलीच्या बुडाला खालून लावा. दुधाचे कण उजेड सगळीकडं पसरवतात आणि अख्खी बाटली कंदिलासारखी उजळते. आमच्या सोसायटीत एका पावसाळ्यात सलग दोन रात्री लाईट नव्हती तेव्हा दोन बाटल्यांवर अख्खा मजला जेवला.

तिसरी गोष्ट गावाकडची आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेतीला रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला, बारी बदलायला रात्री-बेरात्री जावंच लागतं, आणि त्याच वेळी मण्यार फिरते, घोणस पाल्यापाचोळ्यात पडलेली असते. बॅटरी डोळ्यापाशी किंवा कपाळाला लावली की जमीन सपाट दिसते, कारण सावल्या त्या त्या वस्तूच्या मागंच लपतात. तीच कमरेपाशी किंवा त्याच्याही खाली, मांडीला लागून धरली की प्रत्येक खड्डा, दगड आणि वेटोळं सावलीसकट उठून दिसतं. मांजर, कुत्रं, कोळी यांचे डोळे बॅटरीत चमकतात, सापाचे तसे चमकत नाहीत, म्हणून डोळे चमकायची वाट बघायची नाही, पुढच्या दोन पावलांची जमीनच बघायची. दाराबाहेर चप्पल घालायच्या आधी चपलेत उजेड मारायचा, पायरीखाली मारायचा. आमच्या चुलत्यांना पायरीवर मण्यार दिसली ती अशा खाली धरलेल्या बॅटरीमुळंच, पाय टाकायला एक पाऊल राहिलं होतं.

आता सुधारणा. सोप्यापासून सुरुवात करतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या तीन केल्या तरी नव्वद टक्के काम झालं.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापा, रबरी नळीसारखा, आणि तो बॅटरीच्या मागच्या बाजूला ओढून चढवा. ट्यूब थोडी सैल होत असेल तर लहान मुलांच्या सायकलची घ्या, ताणून बसली पाहिजे. याच्यानं तीन गोष्टी होतात. तेलकट किंवा ओला हात घसरत नाही, टेबलावरून घरंगळत नाही, आणि दातात धरता येते, दोन्ही हात मोकळे. नुसतं अ‍ॅल्युमिनियम दातात धरून बघा म्हणजे कळेल, थंडीत तर दात शिवशिवतात. ट्यूब आधी साबणानं स्वच्छ धुवायची, आत पांढरी पावडर असते. आणि मोठ्या उजेडावर बॅटरी तापते तेव्हा दातात धरायची ती मंद ठेवूनच.

दुसरी, काचेवर दुधी टेप. ऑफिसात मिळते ती मॅजिक टेप, चिकटवल्यावर धुरकट दिसणारी, तिचा काचेच्या मापाचा गोल कापायचा. माप घ्यायला बॅटरीचं तोंड कागदावर उलटं ठेवून पेन्सिलीनं गोल मारा, तो कागद टेपमागं धरून कापा. काच आधी पुसून घ्या, बोटाचा ठसा राहिला तर तिथं बुडबुडा येतो. टेप लावल्यावर मधला तो टोचणारा ठिपका जातो आणि सगळा उजेड एकसारखा पसरतो, लांब जात नाही पण हातभर अंतरावरच्या कामाला, म्हणजे मीटरचा बोर्ड, सिंकखालचा पाईप, पोराचा घसा, याच्यासारखं दुसरं काही नाही. आवडली तर मग खिडकीच्या काचेला लावतात त्या फ्रॉस्टेड फिल्मचा तुकडा लावा, ती जास्त टिकते. मी दोन बॅटऱ्या ठेवतो, शहरातली टेपवाली आणि गावाकडची बिनटेपची, कारण शिवारात लांबचं बघावं लागतं.

तिसरी लाल टोपी. आकाशकंदिलाला वापरतात तो लाल जिलेटिन पेपर, त्याचे तीन-चार थर काचेवर घ्या आणि वरून त्याच सायकल ट्यूबची बारीक कडी चढवा, पाहिजे तेव्हा निघते. पांढऱ्या एलईडीत लाल मुळातच कमी असतो म्हणून उजेड बराच पडतो, पण तेच पाहिजे असतं. अंधाराला सरावलेला डोळा लाल मंद उजेडानं फारसा बिघडत नाही, आकाश बघणारे लोक म्हणूनच लाल वापरतात. मे अखेर ते जून, पावसाच्या तोंडावर, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे बघायला जाता ना, तिथं हे नक्की न्या. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे त्यांचं नर-मादीचं बोलणं आहे, आपण पांढरा झोत मारला की ते बोलणंच मोडतं. लाल, मंद, आणि फक्त पायाखाली, झाडाकडं तर कधीच नाही. वेळासला कासवांची पिल्लं सोडतात तिथं मात्र लालसुद्धा आपल्या मनानं पेटवायचा नाही, पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात आणि समुद्राऐवजी भलतीकडं वळतात, तिथले कार्यकर्ते सांगतील तसंच वागायचं.

खिशात आपोआप चालू होणं हा मोठा त्रास आहे, कारण मोठ्या उजेडावर ती खिशात चटका लागेल एवढी तापू शकते आणि सेल पण संपतो. उपाय फुकटचा आहे, मागची टोपी पाव आटा सैल करायची, सर्किट तुटतं आणि बटण दाबलं तरी पेटत नाही. पण हे आट्यांवर अ‍ॅनोडायझिंगचा रंगीत थर असेल तरच होतं, आटे नुसते चकचकीत धातूचे असतील तर सैल करूनही ती पेटतच राहते, म्हणून घरी एकदा करून बघा.

दर दोन-तीन महिन्यांनी टोपी पूर्ण काढून आटे पुसायचे. काळा चिकट थर निघतो, तोच उजेड कमी-जास्त होण्याचं, लुकलुकण्याचं मूळ असतं, आणि लोक अशी बॅटरी बिघडली म्हणून टाकून देतात. इअरबडला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आटे, नळीची मागची कड आणि आतली स्प्रिंग पुसा. मग रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीस, मसुराच्या डाळीएवढं बस झालं. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडं ते असतं. व्हॅसलिन लावू नका, काही प्रकारची रबरं त्यानं फुगतात आणि मग टोपी फिरता फिरत नाही.

सेल आत गळला असेल तर घाबरून फेकू नका. पांढरी-निळसर पूड दिसते ती अल्कलाईन सेलमधून आलेली असते, अल्कली असल्यामुळं तिला आम्ल लागतं. हातमोजे घाला, डोळ्यावर चष्मा, आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर थेंब थेंब सोडा. बारीक फेस येईल, येऊ द्या. दहा-पंधरा मिनिटांनी तोंड खाली करून हलकं आपटा, अडकलेला सेल बऱ्याचदा सरकतो. टोकदार काही घालून सेल फोडायचा नाही. मग स्वच्छ पाण्यानं पुसून, वर अल्कोहोल फिरवून रात्रभर वाळवा. लिंबू तसंच राहिलं तर तेही धातू खातं, म्हणून पाण्याचा हात चुकवू नका. वडिलांची जुनी पितळी बॅटरी मी अशीच वाचवली, तीन दिवस लागले, पण आज ती लागते.

ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांनी पुढचं करावं. पहिलं काम स्प्रिंगचं. टोपीतली स्प्रिंग करंटला थोडा विरोध करते, समजा ५० मिलीओम, आणि मोठ्या उजेडाला सेलमधून २ अँपिअर जातात, म्हणजे ०.१ व्होल्ट तिथंच गेला. १.२ व्होल्टच्या सेलमधून ०.१ जाणं म्हणजे आठ टक्क्यांवर नुकसान. त्यावर तोड अशी की सोल्डर काढायची तांब्याची जाळीपट्टी, डिसोल्डरिंग विक म्हणतात ती, तिची अरुंद पट्टी स्प्रिंगच्या आतून घेऊन एक टोक वर आणि एक टोक खाली पक्कं करायचं. पट्टी थोडी ढिली, कमानीसारखी ठेवा, कारण स्प्रिंग दबली पाहिजे. सोल्डर पट्टीतून सरसर चढतं आणि ती ताठ होते, म्हणून टोकापाशी चिमट्यानं धरा, उष्णता तिथंच अडते.

आणि सगळ्यात आनंदाचं काम, एलईडी बदलणं. स्वस्त बॅटरीतला एलईडी निळसर पांढरा असतो, त्यात हळद फिकी दिसते, माणसाचा चेहरा आजारी दिसतो आणि तपकिरी वायर का लाल वायर कळत नाही. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि वर पिवळा लेप. शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत तो लख्ख निळा एलईडी आणला, त्यांना आकासाकी आणि अमानो यांच्यासोबत २०१४ चं नोबेल मिळालं, आणि त्याच निचियाचा ५१९ए नावाचा एलईडी आज बॅटरी सुधारणाऱ्यांचा लाडका आहे, रंग किती खरे दिसतात त्याचं माप म्हणजे सीआरआय, तो त्याचा १०० पैकी ९० च्या वर असतो. ४००० ते ४५०० केल्विनचा (उजेडाच्या रंगछटेचं माप) घ्या, फार पिवळा नाही आणि फार निळा नाही. पहिल्यांदा करत असाल तर सुटा एलईडी घेऊ नका, तांब्याच्या गोल पट्टीवर बसवलेलाच घ्या, जुन्या पट्टीचा व्यास मोजून त्याच मापाचा, आणि ३ व्होल्टचा आहे ना ते बघून.

तोंडाची रिंग उघडायला दोन्ही बाजूंना सायकल ट्यूबचे तुकडे गुंडाळून पिळा. गोंद लावलेला असेल तर हेअर ड्रायरनं तापवा. काच, रबरी रिंग, रिफ्लेक्टर या क्रमानं काढून वर्तमानपत्रावर त्याच क्रमानं मांडा, आणि रिफ्लेक्टरच्या आत बोट लावू नका, तो आरसा पुसला की ओरखडे पडतात. वायरी सोडवायच्या आधी फोटो काढा, लाल कुठं काळी कुठं. जुनी पट्टी उचलली की खालचं थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता अंगात पोचवणारा लेप, पुसून नवं लावा, पातळ, मटारच्या दाण्याएवढंसुद्धा जास्त होतं. वायरी नव्या पट्टीवर जोडा, ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, पण पट्टी तांब्याची असल्यामुळं उष्णता ओढून घेते, त्यामुळं बारीक टोकाचा लहान आयर्न पुरत नाही, ६० वॅटचा घ्या. जोड सपाट ठेवा. वर पांढरी प्लास्टिकची कडी असते ती विसरू नका, एलईडी मध्यावर धरते आणि रिफ्लेक्टरचा धातू वायरींना टेकू देत नाही, टेकला की शॉर्ट.

रिफ्लेक्टर न लावता आधी मंद मोडवर पेटवून बघा. पेटला तर सगळं बसवा, मोठ्या उजेडावर तीन मिनिटं हातात धरा. अंग हळूहळू गरम होत गेलं पाहिजे, म्हणजे उष्णता बाहेर येतीय. एलईडी लख्ख आणि अंग थंडगार असेल तर पट्टी नीट टेकलेली नाही, परत उघडून पेस्ट बघा. हे झालं की स्वयंपाकघरात जा, मसाल्याचा डबा उघडा आणि हळद, तिखट, धणेपूड यांच्यावर उजेड टाकून बघा.